डॉ. कमल रणदिवे : उंदरांच्या दुधातले कोडे

मराठी पानासाठी चरित्रलेख लिहायचा म्हटला की आमच्यापैकी बहुतेक जण तलवार किंवा तोफ असलेला माणूस निवडतात. गेल्या वर्षी मी स्वतः पहिल्या बाजीरावांवर लिहिले होते. या वेळी ज्यांच्यावर लिहीत आहे त्यांच्याभोवती आयुष्यभर उंदरांचे पिंजरे, काचेच्या बश्या आणि सूक्ष्मदर्शक होते. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

त्यांच्यावर लिहावेसे वाटले त्याचे कारण घरचे आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला. तेव्हा तिचा मुलगा सात महिन्यांचा होता आणि अंगावर पीत होता. उपचार सुरू करताना डॉक्टरांनी बाळाचे दूध तोडायला सांगितले. कारण साधे होते : कॅन्सरची औषधे आईच्या दुधात उतरतात आणि बाळाला ती चालत नाहीत. पण आजूबाजूच्या लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ काढला. दुधातून रोग जातो, म्हणूनच डॉक्टरांनी तोडायला लावले, असे बोलले जाऊ लागले. मग सात महिने जे दूध बाळ प्याले त्याचे काय, हा विचार मावशीला ऑपरेशनपेक्षा जास्त छळत होता. मी सुट्टीवर गेलो होतो तेव्हा तिने हे मला नाही, माझ्या आईला विचारले. मी शेजारच्या खोलीत होतो.

चंदीगडला परत आल्यावर मी आमच्या जीवशास्त्राच्या सरांना विचारले. आईच्या दुधातून मुलाला कॅन्सर होत नाही, एवढे त्यांनी लगेच सांगितले. पण पुढे म्हणाले की हा प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नाही, उंदरांत तसे घडते, आणि त्यावर आयुष्य घालवलेली एक बाई तुमच्याच पुण्याची होती. (मी पुण्याचा नाही, कोल्हापूर जिल्ह्यातला आहे, पण इथे सगळ्या मराठी कॅडेट्सना पुण्याचेच समजतात.)

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. आईचे नाव शांताबाई. मुलामुलींत फरक न करता सगळ्यांना शिकवायचे, असा वडिलांचा बाणा होता. कमल हुजूरपागेत शिकली. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेवर ही मुलींची शाळा उभी आहे, म्हणून तिचे हे नाव. रोज पहाटे घोडेस्वारीला जाणाऱ्या आम्हा मुलांना ते वाचून फार मजा वाटली.

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमलने दोन्ही केले नाही. तिने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, पदवी विशेष गुणवत्तेने मिळवली, आणि १३ मे १९३९ रोजी गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केले. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एम.एस्सी. झाली. विषय होता सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींमधली गुणसूत्रे. सीताफळापासून कॅन्सरपर्यंतची वाट लांबची दिसते, पण गुणसूत्रे मोजायला लागणारी नजर आणि चिकाटी तीच असते. लग्नानंतर संसार मुंबईत होता. एक मुलगा झाला. पतीने शिक्षणात अडथळा आणला नाही, उलट मदत केली. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले होते. तिथल्या रोगनिदानशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील वैद्यकीय संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या रांगेत घेतात. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि पीएच.डी.साठी त्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा विषय घेतला. प्रयोगासाठी प्राणी होता पांढरा उंदीर.

इथे थोडे मागे जाऊन उंदरांचे कोडे सांगायला हवे, नाहीतर त्यांनी काय केले ते कळणार नाही.

अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींचा संकर करून उंदरांची शुद्ध वाणे तयार केली होती. काही वाणांत जवळजवळ प्रत्येक मादीला स्तनाच्या गाठी होत, काही वाणांत क्वचितच. अर्थात हे आनुवंशिक आहे असे सर्वांनी धरले. पण दोन वाणांचा संकर केला तेव्हा हिशेब जुळेना. आई रोगी वाणाची आणि बाप निरोगी वाणाचा असेल तर मुलींना गाठी होत. उलट केले, म्हणजे बाप रोगी वाणाचा आणि आई निरोगी वाणाची, तर फारशा होत नसत. गुणसूत्रे तर दोघांकडून सारखीच येतात. १९३३ मध्ये मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेने हे प्रसिद्ध केले. १९३६ मध्ये तिथल्याच जॉन बिटनर यांनी रोगी वाणाची पिल्ले जन्मताच उचलून निरोगी वाणाच्या दाईच्या अंगावर पाजली, आणि त्या पिल्लांत पुढे गाठींचे प्रमाण एकदम घटले. म्हणजे गोष्ट दुधातून जात होती. ती काय आहे हे माहीत नसल्यामुळे तिला दुधातला घटक एवढेच म्हणत.

पण निव्वळ दूध म्हणावे तर तेही पुरेसे नव्हते. तेच दूध पाजले तरी काही वाणांना रोग होत नसे, म्हणजे आनुवंशिकता होतीच. आणि दूध प्यालेल्या, रोगी वाणाच्या नरांना गाठी होत नसत, पण त्यांना मादीचे संप्रेरक टोचले तर होत. वारंवार वीण झालेल्या माद्यांना कुमारी माद्यांपेक्षा लवकर होत. म्हणजे आनुवंशिकता, संप्रेरके आणि दुधातली ती अज्ञात गोष्ट, अशा तीन दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या, आणि जो तो आपल्या आवडीची एक दोरी ओढत होता.

कमलताईंनी तिन्ही एकदम हातात धरल्या. वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांची स्तनग्रंथी त्यांनी वयाच्या प्रत्येक टप्प्यावर, वीण होण्याआधी आणि झाल्यानंतर, संप्रेरक देऊन आणि न देता, सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. हे काम किती कंटाळवाणे असेल याचा अंदाज मला आमच्या प्रॅक्टिकलवरून आहे. कांद्याच्या सालीची एक स्लाइड नीट रंगवायला माझा पूर्ण तास जातो. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.

त्यानंतर खानोलकरांच्या आग्रहावरून त्या शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवण्यात गाय यांचा हातखंडा होता. हीला नावाच्या प्रसिद्ध मानवी पेशी १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत प्रथम वाढवल्या गेल्या. कमलताई ही विद्या शिकल्या आणि परत आल्या. तिकडे राहण्याची संधी नव्हती असे नाही. पुढे परदेशात गेलेल्या आपल्या सहकाऱ्यांनाही त्यांनी परत बोलावून घेतले.

परळला खानोलकरांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले होते. तिथे कमलताईंनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली, देशातली पहिली. एअर कंडिशनर आणि तयार रसायने सहज न मिळणाऱ्या काळात, मुंबईच्या दमट हवेत, बुरशी लागू न देता पेशी जगवायच्या होत्या. संस्थेचे स्वतःचे उंदरांचे वाणही तयार झाले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी म्हणतात. त्या वाणाच्या माद्यांत स्तनाच्या गाठींचे प्रमाण मोठे होते. परदेशी उंदरांवर अवलंबून न राहता इथले प्रश्न इथल्या उंदरांवर सोडवता येऊ लागले. वाण, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध आहे आणि तिघांचा एकत्रच विचार करावा लागेल, हे त्यांच्या कामातून पुढे आले. भारतात असा संबंध मांडणाऱ्या त्या पहिल्या काही संशोधकांपैकी होत्या.

तोवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे दुधातला घटक दिसू लागला होता. तो विषाणू होता, आणि त्याच्या पोटात डीएनए नव्हता, आरएनए होता. इथेच सगळ्यांची गाडी अडली. आरएनए ही नाजूक, थोडा वेळ टिकणारी वस्तू. पिल्लू दूध पिते पहिल्या तीन आठवड्यांत आणि गाठ येते कित्येक महिन्यांनी, म्हणजे उंदराच्या हिशेबाने अर्धे आयुष्य उलटल्यावर. एवढा काळ हा आरएनए पेशीत राहतो कुठे आणि कसा?

उत्तर आले जून १९७० मध्ये. अमेरिकेत हॉवर्ड टेमिन यांनी सातोशी मिझुतानी यांच्याबरोबर, आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे, अशा विषाणूंमध्ये एक एन्झाइम शोधले. (आमच्या मराठी पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात.) पेशीत माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, हे आपण शिकतो. हे एन्झाइम उलट काम करते : आरएनए वाचून डीएनए लिहिते. म्हणून त्याचे नाव रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज आणि असे विषाणू ते रेट्रोव्हायरस. टेमिन सहा वर्षे असे काही असणार म्हणत होते आणि फार थोडे लोक त्यांचे ऐकत होते. १९७५ मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर दोघांना नोबेल मिळाले.

हे एन्झाइम कसे चालते ते मी तीन वेळा वाचले तेव्हा कळले, म्हणून सावकाश सांगतो. विषाणूचा आरएनए साधारण नऊ हजार अक्षरांची एक पट्टी आहे. एन्झाइमला कोऱ्या जागेवरून लिहायला सुरुवात करता येत नाही, त्याला पकडायला एक तुकडा लागतो. तो तुकडा विषाणू आधीच्या पेशीतून चोरून आणतो. पेशीचाच एक छोटा आरएनए पट्टीच्या एका टोकाजवळ चिकटवलेला असतो आणि तिथून लिहिणे सुरू होते. गंमत अशी की सुरुवात टोकाच्या इतकी जवळ आहे की शंभर-दोनशे अक्षरे लिहून होताच पट्टी संपते. नऊ हजारांतली शंभर-दोनशे! एखाद्याला पूर्ण किल्ल्याचा नकाशा काढायला सांगावे आणि त्याने दरवाजापाशीच कागद संपवावा, तसे झाले.

आता एन्झाइमचा दुसरा भाग कामाला येतो. त्याला आरएनेज-एच म्हणतात आणि तो विषाणूच्याच एन्झाइमला जोडलेला असतो. १९७१ मध्ये कारिन म्योलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या विषाणूत तो दाखवून दिला. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजच्या आकाराची तुलना उजव्या हाताशी करतात : बोटे, तळवा, अंगठा. तळव्यात लिहिण्याचे काम होते. आरएनेज-एच जणू त्या हाताच्या मागच्या टोकाला बांधलेली कात्री आहे. एचआयव्हीमध्ये लेखणी आणि कात्री यांत सुमारे १८ अक्षरजोड्यांचे अंतर असते. ही कात्री मोकळ्या आरएनएला हात लावत नाही. आरएनए आणि नवा डीएनए एकमेकांना चिकटलेले असतील तरच त्यातला फक्त आरएनए कापते. म्हणजे जेवढे लिहून झाले तेवढेच मूळ नष्ट होते.

सिग्नलच्या वर्गात आम्हाला सांगतात की गुप्त आदेश वहीत उतरवला की मूळ कागद जाळायचा. मला आधी वाटले, हेही तसेच असेल, पुरावा नष्ट करणे. पण तसे नाही. इथे कागद जाळला नाही तर पुढचे काम होतच नाही. टोकाकडचा आरएनए कापला गेल्यावर नव्या डीएनएचा तो छोटा तुकडा उघडा पडतो. आरएनए पट्टीच्या दोन्ही टोकांना काही अक्षरे सारखीच असतात. त्यामुळे हा उघडा तुकडा पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जुळतो. ही पहिली उडी. आता समोर पूर्ण पट्टी आहे. लेखणी पुढे आणि कात्री मागे, अशी दोघे सगळी पट्टी पार करतात.

कात्री एक ठिकाण सोडते. पट्टीत ए आणि जी या अक्षरांचा एक सलग पट्टा असतो, तो सहसा कापला जात नाही. डीएनएची दुसरी बाजू लिहायची तर पुन्हा पकडायला तुकडा हवाच, आणि तो तुकडा म्हणजे हाच वाचलेला पट्टा. त्याचे काम झाले की तोही कापून टाकला जातो, चोरून आणलेला पहिला तुकडाही जातो, आणि दुसरी उडी होते. शेवटी दोन्ही बाजू पूर्ण असलेला डीएनए तयार होतो, मूळ आरएनएपेक्षा थोडा लांब, कारण त्याच्या दोन्ही टोकांना एकसारखा मजकूर आलेला असतो. मूळ आरएनए उरलेला नसतो. प्रयोगात आरएनेज-एचची धार मोडलेले विषाणू बनवले तर लेखणी शाबूत असूनही ते विषाणू संसर्ग करू शकत नाहीत.

तयार डीएनए विषाणूचे आणखी एक एन्झाइम पेशीच्या गुणसूत्रात नेऊन शिवून टाकते. तिथून तो निघत नाही. पेशी विभागली की त्याचीही नक्कल होते.

हे समजल्यावर मी कमलताईंच्या तीन दोऱ्यांकडे परत आलो आणि खरे सांगायचे तर प्रेपच्या तासाला मला जागेवरून उठावेसे वाटले. तिन्ही दोऱ्या इथे येऊन मिळतात. दुधातून आलेला आरएनए कित्येक महिने कुठे राहतो? उंदराच्या स्वतःच्या डीएनएत. आनुवंशिकतेचे काय? हा शिवलेला डीएनए जर अंड्याच्या किंवा शुक्राणूच्या पेशीत बसला तर तो पुढच्या पिढीला जन्मतःच मिळतो, दूध प्यायची गरजच नाही. काही वाणांत तो खरोखर अशा मार्गानेच, बापाकडूनही, येतो. आणि संप्रेरके? त्या दोन उड्यांमुळे जो मजकूर दोन्ही टोकांना येतो, त्यात या उंदरांच्या विषाणूच्या बाबतीत स्टेरॉइड संप्रेरकांनी दाबले जाणारे बटण आहे. मूळ आरएनएत हे बटण शेपटीकडे असते आणि तिथे त्याचा उपयोग नसतो. लिहिण्या-कापण्याच्या खटाटोपात त्याची एक प्रत पुढच्या टोकाला येते, आणि तिथून ते सगळा विषाणू चालू करते. गाभण असताना आणि पाजताना मादीच्या शरीरात संप्रेरके वाढतात, बटण दाबले जाते, विषाणू भरपूर बनतो आणि दुधात उतरतो. वीण जास्त तर धोका जास्त, हे पिंजऱ्याशेजारी बसून मोजलेले निरीक्षण एका एन्झाइमच्या उड्यांपर्यंत जाऊन पोचते. गाठ का होते तेही १९८२ मध्ये रूएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या कामातून दिसले : विषाणूचा डीएनए कधी कधी पेशीची वाढ ठरवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि नको तेव्हा ते चालू ठेवतो.

कमलताईंनी हे एन्झाइम शोधले नाही. ते सापडले तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या आणि त्या वर्षापर्यंत चार वर्षे केंद्राच्या कार्यवाहक संचालक म्हणून जबाबदारी सांभाळत होत्या. पण उत्तर यायच्या वीस वर्षे आधी प्रश्न बरोबर मांडून ठेवणाऱ्यांत त्या होत्या. तीनपैकी एकच कारण खरे आणि बाकीची खोटी, असे त्यांनी म्हटले असते तर त्यांचे काम आज टिकले नसते.

आता माझ्या मावशीचा प्रश्न. उंदरांत असे असेल तर माणसांत का नाही, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही वाटलेच. आणि तो शोध थेट मुंबईला येऊन पोचला. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे परळच्या नोंदींवरून दिसत होते. उशिरा लग्न आणि कमी मुले हेही त्याचे एक कारण समजले जाई. अमेरिकेतल्या डॅन मूर यांच्या गटाने परळच्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. पेमास्टर यांच्या सहकार्याने पारशी मातांचे दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९७१ मध्ये नेचर या नियतकालिकात त्यांनी कळवले की काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे कण दिसले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सोल स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने मानवी दुधातल्या अशा कणांत आरएनएवरून डीएनए लिहिण्याची क्रियाही सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्या वेळी किती खळबळ झाली असेल! परळच्या बाळंतिणींचे दूध बर्फात घालून समुद्रापार गेले होते.

पण शास्त्रात खळबळ पुरत नाही. कण दिसणे वेगळे आणि तो विषाणू आहे, तोच रोग करतो, हे सिद्ध होणे वेगळे. मानवी दुधात आरएनए कापणारी एन्झाइम्स मुळातच भरपूर असतात, त्यामुळे चाचण्याही अवघड होत्या. दुसऱ्या प्रयोगशाळांना ठाम पुरावा मिळाला नाही. नंतरच्या काळात मानवी गाठींत त्या विषाणूसारखा डीएनए सापडल्याचे काही गटांनी म्हटले, तर इतरांनी ती प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या डीएनएची भेसळ असल्याचे दाखवले. माणसाचा स्तनाचा कॅन्सर दुधातल्या विषाणूमुळे होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही. आईने बाळाला पाजल्याने बाळाला तो रोग होत नाही, उलट पाजल्याने आईचाच धोका थोडा कमी होतो. उंदरांतही विषाणू जातो तो आईकडून, गाठ स्वतः जात नाही.

त्या शोधातून जे एन्झाइमचे ज्ञान मिळाले ते मात्र वाया गेले नाही. १९८३ मध्ये एड्सचा विषाणू सापडला आणि तो रेट्रोव्हायरस निघाला. त्याचे एन्झाइम कसे लिहिते हे आधीच माहीत होते, म्हणून चारच वर्षांत, १९८७ मध्ये, लेखणी अडवणारे पहिले औषध, एझेडटी, रुग्णांना मिळू लागले. कात्री अडवणारे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. एचआयव्ही मात्र मानवी दुधातून खरोखर जाऊ शकतो, आणि आईने औषधे नियमित घेतली तर तो धोका अगदी खाली येतो.

कमलताईंची बाकीची कामे थोडक्यात सांगतो, खरे तर त्यातल्या प्रत्येकावर वेगळा लेख होईल. १९५८ मध्ये डॉ. बापट आणि डॉ. खानोलकर यांच्याबरोबर त्यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. त्यालाही आयसीआरसी हेच नाव मिळाले आणि पुढे त्याच्यापासून कुष्ठरोगावरची लस तयार करण्यात आली. १९७३ मध्ये अकरा सहकारी स्त्रियांबरोबर त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. संशोधन करणाऱ्या बाईला घर, मूल आणि प्रयोगशाळा यांची सांगड घालताना काय करावे लागते ते त्या स्वतः जगल्या होत्या. नवी मुंबईत वाशीला या संघटनेने वसतिगृह आणि पाळणाघर चालवले आहे, ते बहुधा त्यामुळेच. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतरही अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण, ही कामे त्यांनी केली. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. वीस वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२१ ला, गूगलने त्यांचे चित्र पहिल्या पानावर लावले होते. त्यात त्या सूक्ष्मदर्शकात पाहत आहेत. तेव्हा मी ते चित्र पाहिले असणार, पण लक्षात राहिले नाही.

परळच्या त्याच टाटा मेमोरियल केंद्राचे एक रुग्णालय आता इथे आमच्या जवळ, मुल्लांपूरला, आहे. होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटल असे त्याचे नाव आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आमची बस मॅचसाठी त्या बाजूला गेली की मी खिडकीतून बघतो. गेटबाहेर पंजाब, हरियाणा, हिमाचलहून आलेली माणसे फायली घेऊन बसलेली असतात, आणि त्यांत मांडीवर लहान मूल असलेल्या बायकाही दिसतात.

गेल्या रविवारी फोनच्या वेळेत मी मावशीला लावला. आमच्याकडे एकाला दहा मिनिटे मिळतात. उंदरांचे, दाईचे, पारशी बायकांच्या दुधाचे सगळे सांगेपर्यंत सात मिनिटे गेली, लेखणी आणि कात्री राहूनच गेली. तिने मध्ये काही विचारले नाही. शेवटी म्हणाली की हे सगळे लिहून पाठव, शेजारच्या काकूंना वाचायला देते. म्हणून हा लेख मराठीत आहे, आणि मासिकाची एक प्रत जास्त मिळावी अशी संपादकांना विनंती आहे.